एर्न्स्ट फुक्सची 'एकशिंगी' मालिका: युद्धानंतरचं व्हिएन्ना, एचिंग आणि ख्रिस्त

पैलतीर

व्हिएन्नाच्या एर्न्स्ट फुक्सची रंगीत चित्रं इथल्या बऱ्याच जणांनी कुठं ना कुठं पाहिली असतील. मला बोलायचंय ते त्याच्या काळ्या-पांढऱ्या एचिंग्जबद्दल (धातूच्या पत्र्यावर अ‍ॅसिडनं रेघा कोरून छापलेली चित्रं), त्यातही १९५० ते १९५२ या काळातल्या 'एकशिंगी' म्हणजे युनिकॉर्नच्या मालिकेबद्दल. ती हाती घेतली तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा होता. पुढं सॅमसन (१९६०–६४), एस्थर (१९६४–६७), स्फिंक्स (१९६६–६७) अशा मालिका त्यानं केल्या. त्यांत हात जास्त सरावलेला दिसतो, तरी माझा जीव या पहिलीवरच आहे.

आधी माणूस. जन्म १९३०, व्हिएन्ना. वडील ज्यू, सनातनी घराण्यातले, आई ख्रिश्चन. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया हिटलरच्या ताब्यात गेला आणि वडिलांनी शांघाय गाठलं. नाझी कायद्याप्रमाणे असल्या 'मिश्र' मुलाला वाढवायचा हक्क आईला उरला नाही. पोराला तशाच मुलांसाठी काढलेल्या छावणीत नेलं. आईनं कागदोपत्री घटस्फोट घेतला म्हणून तो वाचला. १९४२ मध्ये त्याचा कॅथलिक बाप्तिस्मा झाला. बाहेरून बघणाऱ्याला ही जीव वाचवण्याची सोय वाटेल, पण बारा वर्षांच्या त्या मुलाच्या मनात हा प्रसंग कायमचा रुतला. त्याची पुढची सगळी चित्रं त्याची साक्ष देतात.

१९४५ साली, पंधराव्या वर्षी, तो व्हिएन्नाच्या कला अकादमीत दाखल झाला. तेव्हाचं शहर डोळ्यांपुढं आणा. मार्चमध्ये बॉम्ब पडून ऑपेरा जळालेला. एप्रिलमध्ये सेंट स्टीफन कॅथेड्रलचं छप्पर आगीत कोसळलेलं. गावाचे चार तुकडे करून चार देशांच्या फौजा बसलेल्या, त्या १९५५ पर्यंत हलल्या नाहीत. अशा वेळी आल्बर्ट पारिस गुटर्सलोह नावाच्या शिक्षकाच्या वर्गात फुक्स, आरिक ब्राउअर, वोल्फगांग हुटर आणि आन्टोन लेमडेन ही पोरं जमली. वयानं मोठा रुडोल्फ हाउसनर त्यांना येऊन मिळाला. ब्राउअरही ज्यू. त्याचे वडील छळछावणीत मारले गेले, तो स्वतः लपून राहून वाचला. पुढं योहान मुशिक या समीक्षकानं या सगळ्यांना 'व्हिएन्नाचा फँटास्टिक रिअ‍ॅलिझम' हे नाव दिलं.

नावात रिअ‍ॅलिझम आहे तो उगाच नाही. पॅरिसच्या सुररिअ‍ॅलिस्टांनी नेणिवेला मोकळं सोडलं, हात आपोआप चालू दिला. व्हिएन्नाच्या या मुलांनी उलट हाताला वेसण घातली. त्यांच्या गावात आल्बर्टिना संग्रहालय होतं, तिथं ड्यूरर या जुन्या जर्मन चित्रकाराची रेखाटनं आणि छापचित्रं. कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात ब्रॉयगेल या फ्लेमिश चित्रकाराची चित्रं. गवताचं पातंन् पातं काढणारे हे जुने लोक त्यांचे खरे गुरू. जे डोळ्यांना दिसत नाही तेही त्यांनी त्याच काटेकोरपणानं काढलं. फुक्सच्या एचिंगमध्ये हे फार स्पष्ट दिसतं. कागद हातभर लांब धरला तर राखाडीच्या नाना छटा दिसतात: मांसल, दगडी, धुरकट. भिंगाखाली धरला की छटा नाहीशा होतात, उरतात फक्त रेघा. आडव्या, तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या, आणि कुठं इतक्या दाट की मधला पांढरा कागद सुईच्या टोकाएवढाच शिल्लक.

आता मुख्य मुद्दा. मध्ययुगीन युरोपात एकशिंगी म्हणजे ख्रिस्त. कथा अशी की हा पशू कुणाही शिकाऱ्याला सापडत नाही, पण कुमारिका रानात बसवली की आपणहून येतो आणि तिच्या मांडीवर डोकं टेकतो. मग शिकारी त्याला पकडतात. धर्मपंडितांनी याचा अर्थ लावला: कुमारिका म्हणजे मरिया, पशू म्हणजे तिच्या उदरी आलेला देव, शिकार म्हणजे क्रूस. फ्रान्समध्ये कोल्मारला शोनगाउअर या पंधराव्या शतकातल्या चित्रकाराच्या परंपरेतली एक वेदी आहे, तिच्यावर गॅब्रिएल दूत शिकाऱ्याच्या वेशात शिंग फुंकत कुत्री घेऊन येताना रंगवलाय आणि एकशिंगी धावत मरियेच्या कुशीत शिरलाय. सोळाव्या शतकात कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेनंतर असली चित्रं चर्चला नकोशी झाली आणि मागं पडली.

चारशे वर्षं अडगळीत पडलेली ही प्रतिमा फुक्सनं १९५० मध्ये का उचलली? पुस्तकी आवडीपेक्षा यात जास्त काही आहे असं मला ठामपणे वाटतं. ज्याच्या मागावर एक अख्खं राज्य होतं, त्या मुलाला शिकार होणाऱ्या पशूत ख्रिस्त दिसला. ज्यू बापाचा मुलगा, आईच्या सहीमुळे जगलेला. मांडीवर डोकं टेकलेला, शिकाऱ्यांनी वेढलेला प्राणी ही त्याच्यासाठी अलंकारिक कल्पना उरली नव्हती. म्हणून या चित्रांतलं अद्भुत मला पळवाट वाटत नाही. सरळ वास्तववादी पद्धतीनं छावणी काढून जे सांगता आलं नसतं, ते त्यानं या मार्गानं सांगितलं.

तुम्हाला काय वाटतं? आणि ज्यांनी स्वतः एचिंग केलंय त्यांनी तंत्राबद्दल जरूर लिहावं.

तांबट

पैलतीर, सुंदर. मी कलाशाळेत मुद्राचित्रण शिकलो आणि अजून जमेल तसं करतो, म्हणून तंत्राबद्दल लिहितो.

तांब्याचा पत्रा घ्यायचा, आरशासारखा घासायचा, कडा कानशीनं उतरत्या करायच्या. नाहीतर प्रेसच्या दाबाखाली कागद फाटतो. पत्रा गरम करून त्यावर मेण, डांबर आणि राळ यांचा पातळ थर द्यायचा. याला आम्ही ग्राउंड म्हणतो. मग पत्रा उलटा धरून खालून मेणबत्तीचा धूर द्यायचा, म्हणजे थर काळाकुट्ट होतो आणि सुईची रेघ तांबूस चमकून उठते. सुईनं तांबं कोरायचं नसतं, फक्त मेण बाजूला करायचं. कोरायचं काम अ‍ॅसिड करतं. नायट्रिक वापरलं तर रेघांवर बुडबुडे जमतात, ते पिसानं हलकेच सारत बसावं लागतं. सारले नाहीत तर रेघ तुटक येते.

फुक्सच्या छटा कुठून येतात ते आता सांगतो. सगळा पत्रा थोडा वेळ अ‍ॅसिडमध्ये ठेवायचा, काढायचा, धुवायचा. ज्या रेघा फिक्या हव्यात त्यांवर वॉर्निश लावून त्या बंद करायच्या. परत अ‍ॅसिडात. परत थोड्या बंद. असं करत करत सगळ्यात गडद रेघा सगळ्यात जास्त वेळ अ‍ॅसिड पितात. त्याच्यासारख्या दाट जाळीच्या कामात एक धोका कायम असतो: दोन रेघांमधला मेणाचा कण सुटला की अ‍ॅसिड दोन्ही रेघा एक करून टाकतं, आणि तिथं काळा व्हायच्या ऐवजी राखाडी खड्डा पडतो. कारण रुंद खड्ड्यात शाई धरून राहत नाही, पुसताना निघून जाते. इतक्या बारीक जाळीत असा खड्डा न पडू देणं म्हणजे काय, हे ज्यानं पत्रा वाया घालवलाय त्याला विचारा.

आणखी एक गोष्ट, धार्मिक चित्रांत ती फार महत्त्वाची. छापताना चित्र उलटतं. क्रूसाचं दृश्य असेल तर ख्रिस्ताची जखम परंपरेनं त्याच्या उजव्या कुशीत, पश्चात्ताप केलेला चोर त्याच्या उजव्या हाताला. पत्र्यावर हे सगळं डावीकडं काढावं लागतं, आशीर्वादाचा हातसुद्धा. चित्रकार पत्र्यावर वाकून बसतो तेव्हा त्याच्यापुढं असतो तो आरशातला ख्रिस्त.

तुम्ही ड्यूररचं नाव घेतलंत म्हणून सांगतो. एचिंग हे मुळात चिलखतांवर नक्षी काढणाऱ्यांचं तंत्र. आउग्सबर्गच्या डानिएल होप्फरनं १५०० च्या सुमारास ते कागदावर आणलं. ड्यूररनं १५१५ ते १५१८ मध्ये लोखंडी पत्र्यांवर मोजकीच एचिंग्ज केली. त्यातल्या १५१६ च्या एकात पाताळाचा देव प्लूटो प्रोसर्पिना या देवीला पळवून नेतोय, आणि तिला घेऊन धावणारं जनावर एकशिंगी आहे! केसाळ, रानटी, अंगावर येणारं. म्हणजे एचिंगच्या अगदी बाल्यावस्थेत हा पशू तिथं हजर होता.

गवती_चहा

लेख आवडला, पण मला एक शंका आहे आणि ती मोकळेपणानं मांडते. १९५० च्या आसपास जगभर चित्रकला कुठल्या कुठं गेली होती. न्यूयॉर्कमध्ये पोलॉक कॅनव्हास जमिनीवर पसरून रंग ओतत होता. इतक्या मोठ्या संहारानंतर जुनी भाषा पुरणार नाही असं अनेक चित्रकारांना मनापासून वाटत होतं. अशा वेळी ड्यूररच्या रेघेकडं आणि मध्ययुगीन प्रतिमांकडं परत जाणं हे मागं वळणं नाही का? कारागिरी अफाट आहे, मान्य. पण कारागिरीनं दिपून जाऊन आपण चित्रात नसलेला अर्थ भरतोय असं तर होत नाहीये ना?

पैलतीर

तांबटदादा, बुडबुडे आणि पिसाचं वर्णन वाचून मजा आली. ड्यूररच्या त्या चित्राबद्दल विशेष आभार.

गवती_चहा, तुमची शंका रास्त आहे. तेव्हा व्हिएन्नातही ती उठली होती. गंमत म्हणजे अमूर्ताच्या वाटेनं गेलेला आर्नुल्फ राइनर आणि फुक्स हे एकाच 'हुंड्सग्रुपं' या गटात होते, १९५१ च्या आसपास. १९५९ मध्ये त्या दोघांनी हुंडर्टवासर या चित्रकाराला बरोबर घेऊन 'पिंटोरारियम' नावाचा एक उपक्रमही काढला. राइनर चित्रांवर काळ्या रंगाचे थर चढवून ती झाकत गेला, आणि त्यानंही क्रूस वारंवार हाताळला. एकाच शहरातली, एकाच पिढीची ही दोन मुलं. एकानं प्रतिमा झाकली, दुसऱ्यानं इतकी भरली की श्वास घ्यायला जागा राहू नये. मला दोघांच्या मुळाशी तोच अनुभव दिसतो.

मागं वळण्याबद्दल: जुनी भाषा मोडीत काढायचा हक्क कोणाला, हाही प्रश्न आहे. नाझींनी जर्मन गॉथिक परंपरा आपल्या मालकीची म्हणून मिरवली होती. ड्यूररला त्यांनी आपला केला होता. ज्याला त्यांनी माणसात मोजलं नाही अशा मुलानं ड्यूररची रेघ हातात घ्यावी आणि तिनं शिकार होणारा देव काढावा, यात मला शरणागती दिसत नाही. हिसकावून घेतलेली वस्तू परत मिळवणं दिसतं.

कारागिरीनं दिपण्याबद्दल तुम्ही सावध करताय ते मात्र मनावर घेते. फुक्सच्या पुढच्या काळातल्या काही रंगीत चित्रांत नुसताच झगमगाट उरला, हे माझंही मत आहे.

कुपारी

मी वसईचा, कॅथलिक. धागा वाचून राहवलं नाही.

आमच्या घरी लहानपणी जपमाळ रोज संध्याकाळी व्हायची. आनंदाची रहस्ये, दुःखाची रहस्ये, गौरवाची रहस्ये. उपवासकाळात शुक्रवारी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाच्या चौदा चित्रांपुढची प्रार्थना. मुलाच्या नजरेला त्या चौदा चित्रांत सगळ्यात जास्त काय खिळवायचं, तर येशूच्या भोवतीची गर्दी. दात विचकणारे शिपाई, दोर ओढणारे हात. शोनगाउअर, ड्यूरर या मंडळींच्या दुःखसहनाच्या चित्रांत हेच चेहरे जनावरासारखे होतात. तेव्हा फुक्सच्या चित्रांत पशू आणि देव एकत्र बघून कुणाला ईशनिंदा वाटत असेल तर मला ते पटत नाही. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, नीट वाचलं तर ते अशा प्रतिमांनी गच्च भरलेलं आहे. प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात योहानाला सिंहासनासमोर वधलेला कोकरा दिसतो, आणि त्या कोकराला सात शिंगं आणि सात डोळे आहेत. तो कोकरा म्हणजे ख्रिस्त. चौथ्या अध्यायातल्या चार प्राण्यांना तर पुढं-मागं सगळीकडं डोळेच डोळे. यहेज्केलच्या पहिल्या अध्यायात चाकं आहेत आणि त्यांच्या धावाही डोळ्यांनी भरलेल्या आहेत. देवळात आपण मऊ, गुलाबी चित्रं लावतो. मूळ ग्रंथ तसा नाही. तो वाचताना अंगावर काटा येतो, आणि फुक्स त्या काट्याशी इमान राखतो.

ख्रिस्त हा ज्यू होता हे आम्हा ख्रिस्ती लोकांना वारंवार आठवून द्यावं लागतं, ही दुःखाची गोष्ट आहे. शागाल या ज्यू चित्रकारानं १९३८ च्या 'शुभ्र क्रूसारोहणा'त येशूच्या कमरेला ज्यू प्रार्थनेची शाल गुंडाळली आणि भोवती जळणारी घरं, पळणारी माणसं काढली. तुम्ही फुक्सच्या एकशिंगीबद्दल जे म्हणताय ते त्याच रांगेतलं आहे.

शब्दवेध

कुमारिका आणि एकशिंगी यांची कथा वाचून ऋष्यशृंगाची आठवण कोणालाच कशी झाली नाही?

महाभारतात वनपर्वात ही कथा येते. विभांडक ऋषींचा मुलगा, हरिणीच्या पोटी जन्मलेला, डोक्यावर एक शिंग. रानात बापाखेरीज दुसरा माणूस त्यानं पाहिलेला नाही, बाई तर नाहीच नाही. अंगदेशात लोमपाद राजाच्या राज्यात दुष्काळ पडतो. हा तपस्वी राज्यात आला तरच पाऊस पडेल असं कळतं. मग एक वेश्या नावेवर आश्रम थाटून नदीनं येते. मुलाला वाटतं हा कुणी वेगळ्याच तपाचा ब्रह्मचारी आहे. बापाला त्यानं तिचं जे वर्णन करून सांगितलंय ते मूळातून वाचा, इतकं निर्मळ वर्णन क्वचित सापडतं. शेवटी तो तिच्या मागून जातो, राज्यात पाऊल टाकतो, पाऊस कोसळतो आणि राजकन्या शांतेशी त्याचं लग्न लागतं. हाच पुढं दशरथाचा पुत्रकामेष्टी यज्ञ करतो. शृंगेरीचं नावही त्याच्याशीच जोडलेलं आहे. बौद्ध जातकांतही ही कथा वेगळ्या रूपात आहे.

कुणालाही हाती न लागणारा, एका शिंगाचा, रानातला जीव, आणि एका स्त्रीच्या मागं आपणहून येणारा. ही कथा पश्चिमेकडं जाऊन कुमारिकेची आणि एकशिंगीची कथा झाली असावी असं अनेक अभ्यासकांनी मांडलंय. एकशिंगी जनावर ग्रीकांना पहिल्यांदा सांगितलं तेही हिंदुस्थानातलं म्हणूनच. इराणच्या दरबारातला ग्रीक वैद्य क्टेसियस यानं इसवीसनापूर्वी ४०० च्या सुमारास हिंदुस्थानातल्या एका शिंगाच्या रानगाढवांबद्दल लिहून ठेवलं. ख्रिस्ती अर्थ त्याला बराच नंतर, 'फिजिओलोगस' या ग्रीक ग्रंथात चिकटला.

आपल्या कथेत शिकार नाही आणि मरण नाही. पाऊस आहे. हा फरक मला फार मोठा वाटतो.

मांडवी_काठ

सुंदर चर्चा चाललीय. गोव्याच्या बाजूनं एक भर घालते. फुक्स पॅरिसमध्ये (तो १९५० ते १९६१ तिथं होता) ख्रिस्त काढत होता, त्याच दशकात आपला साळगावचा फ्रान्सिस न्यूटन सोझा लंडनमध्ये ख्रिस्त काढत होता. सोझाचं १९५९ चं 'क्रुसिफिक्शन' टेट संग्रहालयात आहे. जाड काळ्या रेघा, काट्यासारखे हात, बघणाऱ्याला ओरबाडणारा चेहरा. दोघंही कॅथलिक, दोघंही घरापासून लांब, आणि दोघांनाही चर्चमधला गोड येशू नको होता. सोझा दहा फटक्यांत जे फेकतो ते फुक्स हजारो रेघांत विणतो.

मला व्यक्तिशः सोझा जास्त भिडतो, कारण त्याचा राग मला ओळखीचा आहे. पण हा धागा वाचल्यावर फुक्सकडं परत नव्यानं बघितलं.

दानुबकिनारी

नोकरीनिमित्त व्हिएन्नात आहे, त्यामुळे प्रत्यक्ष पाहिलेलं सांगतो.

शहराच्या पश्चिम टोकाला, ह्युटेलडोर्फला, ओटो वाग्नर या वास्तुविशारदानं १८८० च्या दशकात स्वतःसाठी बांधलेला बंगला आहे. फुक्सनं तो १९७२ मध्ये विकत घेतला, मोडकळीतून वर काढला, आणि १९८८ पासून तिथं त्याचं संग्रहालय आहे. आत रंगांचा इतका भडिमार आहे की छोट्या छापचित्रांपाशी थांबायला डोळे तयार होत नाहीत. जाणाऱ्यांना सल्ला: आधी काळी-पांढरी चित्रं बघा, मग बाकीचं.

धार्मिक अंगाचा विचार करणाऱ्यांनी मात्र हेत्सेनडोर्फच्या रोझेनक्रान्त्स चर्चला जावं. कुपारींनी जपमाळेच्या रहस्यांचा उल्लेख केलाय, तीच तीन रहस्यं फुक्सनं १९५८ ते १९६१ मध्ये तीन भव्य चर्मपत्रांवर रंगवली, आणि ती चर्चमध्येच आहेत. त्याआधी, १९५७ मध्ये, तो जेरुसलेमला सियोन डोंगरावरच्या डोर्मिशन मठात बेनेडिक्टाइन संन्याशांजवळ जाऊन राहिला आणि तिथं 'शेवटचं भोजन' हे प्रचंड चित्र हाती घेतलं. ज्या माडीवर ते भोजन झालं असं परंपरा मानते ती मठाच्या अगदी शेजारी आहे. हेत्सेनडोर्फची चित्रं लागली तेव्हा श्रद्धाळूंमध्ये मोठं वादंग माजलं. आज तिथं रविवारी नेहमीसारखी मिस्सा (सामुदायिक प्रार्थनाविधी) होते आणि आजीबाई त्या चित्रांखाली बसून माळ ओढतात. वेदीजवळ उभं राहिलं की कळतं, या माणसानं चर्मपत्रावर रंगवतानाही एचिंगची सवय सोडलेली नाही. वस्त्राची घडी असो की काट्यांचा मुकुट, रंगाच्या खाली रेघेचं जाळं आहेच.

गवती_चहा

कुपारी आणि शब्दवेध यांचे प्रतिसाद वाचून माझं 'मागं वळणं' हे म्हणणं बरंच पातळ झालं. पण दुसरी एक अडचण उरते, ती बाईची. युरोपातल्या कथेत ती कुमारिका म्हणजे सरळसरळ आमिष आहे. तिला रानात बसवतात पुरुष, पशूला मारतात पुरुष, आणि तिच्या कुशीत जे घडतं त्याबद्दल तिला कुणी विचारत नाही. फुक्सच्या स्त्रिया तर बहुतेक वेळा विवस्त्र, मोहात पाडणाऱ्या. मरिया आणि मोहिनी यांच्यामध्ये साध्या बाईला जागाच नाही. पावित्र्याबद्दल बोलताना हे टाळून पुढं जाता येणार नाही.

पैलतीर

टाळायचं नाहीच. तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि फुक्सच्या एकूण कामाला ते लागू पडतं. एस्थर आणि स्फिंक्स मालिकांची नावंच बघा, आणि बायबलमधल्या सॅमसनच्या कथेत त्याची शक्ती हिरावून घेणारी दलीलाही. शक्ती असलेला पुरुष आणि त्याच्या शक्तीचं काय होणार हे ठरवणारी स्त्री, हा विषय त्यानं सोडला नाही. बायबलमधली एस्थर राणी तेवढी वेगळी. ती आपलं सौंदर्य वापरते ते आपल्या ज्यू लोकांना कत्तलीतून वाचवण्यासाठी. ज्याच्या आईनं एका सहीनं त्याला वाचवलं, त्याला हीच राणी जवळची वाटावी याचं मला नवल वाटत नाही.

एकशिंगीच्या बाबतीत मला असं वाटतं की मांडी ही एकाच वेळी सापळाही आहे आणि आसराही, आणि या दोन्हींची सोडवणूक चित्रकारानं केलेली नाही. वीस वर्षांच्या मुलाकडून ती व्हावी अशी अपेक्षाही नाही. शब्दवेध म्हणतात तसा पाऊस तिथं पडत नाही. शिकारी येणार हे दोघांनाही माहीत आहे.

तांबट

गिगरचा उल्लेख अजून कुणी कसा केला नाही! एच. आर. गिगर, 'एलियन' या चित्रपटातला तो राक्षस घडवणारा स्विस चित्रकार. त्याच्यावर ज्यांचा प्रभाव होता त्यांत फुक्सचं नाव ठळक आहे. हाड आणि दागिना यांच्यातला फरक पुसून टाकणं गिगरला फुक्सकडूनच मिळालं असावं, असं दोघांची चित्रं शेजारी ठेवली की वाटतं.

आणि आणखी मागं जायचं तर ज्यां दुव्हे. सोळाव्या शतकातला फ्रान्समधला सोनार. त्यानं एकशिंगीची मालिकाही कोरली आणि प्रकटीकरणाचीही. म्हणून त्याला 'एकशिंगीचा उस्ताद' म्हणतात. सोनाराचा हात असल्यामुळे पत्र्यावर बोटभर जागा रिकामी सोडवत नाही. प्रकटीकरणाच्या त्याच्या चित्रांत माणसं, पंख, ढग, सगळं पेटीत कोंबलेल्या कपड्यांसारखं एकमेकांवर रचलेलं असतं. फुक्सचा खरा पूर्वज मला तोच वाटतो.

नवखा_रसिक

माझा प्रश्न अगदी व्यवहारी आहे. फुक्सची एचिंग्ज लिलावाच्या साइटवर दिसतात, काही तर परवडतील अशा किमतीत. घ्यावं का? अस्सल कसं ओळखायचं?

तांबट

विचारलंत ते बरं झालं. पहिलं बघायचं ते कागदावरचा पत्र्याचा ठसा. एचिंग ओल्या कागदावर दाबानं छापतात, त्यामुळे चित्राभोवती पत्र्याच्या कडेची खोलगट चौकट उमटते. बोट फिरवलं तर कळते. शाईची रेघही किंचित वर उठलेली असते. ऑफसेटनं छापलेली नक्कल भिंगाखाली धरली तर रेघेऐवजी ठिपक्यांची जाळी दिसते, तिथंच विषय संपला.

दुसरं म्हणजे पेन्सिलीनं केलेली सही आणि खाली अपूर्णांकात लिहिलेला आकडा. २०/१०० म्हणजे शंभर प्रतींमधली विसावी. पण नुसत्या सहीवर भिस्त ठेवू नका. एकाच पत्र्याच्या वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या आवृत्त्या निघू शकतात. जास्त प्रती काढायच्या असतील तर पत्र्यावर विजेनं पोलादाचा मुलामा देतात, म्हणजे तांबं झिजत नाही. मुलामा नसलेल्या पत्र्याच्या उशिराच्या प्रतींत सगळ्यात बारीक रेघा आधी पुसट होतात. म्हणून सावलीतल्या फिक्या जागा नीट बघा. तिथली जाळी स्वच्छ असेल तर प्रत चांगली. फुक्सच्या छापचित्रांची सूची हेल्मुट वाइस यानं केलेली आहे. विक्रेत्याला त्यातला क्रमांक विचारा. देता येत नसेल तर दुसरीकडं बघा.

कडा कापलेली प्रत स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, पत्र्याचा ठसा त्यातच गेलेला असतो. आणि फ्रेम करताना काच आणि कागद यांच्यामध्ये आम्लरहित पुठ्ठ्याचा माउंट हवाच. आपल्याकडं पावसाळ्यात कागद दमट होऊन काचेला चिकटतो, बुरशीचे तांबूस डाग पडतात. बाहेरच्या भिंतीवर तर मुळीच लावू नका.